आमची वाटचाल : अनोळखी कॅमशाफ्टची वही

१९८२ च्या गिरणी संपानंतर वडिलांनी लालबागमध्ये दोन गाड्या जेमतेम मावतील एवढे गॅरेज सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल म्हणून फिटरचा हात आणि एक मायक्रोमीटर एवढेच होते. पुढे अनेक वर्षे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीने आमचे घर चालवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तोपर्यंत आमचे बहुतेक काम हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांचे झाले होते, आणि त्यातही ज्या इंजिनात कोणता कॅमशाफ्ट (आपल्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) बसवला आहे हे कोणालाच सांगता येत नाही, अशी इंजिने आमच्याकडे येऊ लागली होती.

या कामाची सुरुवात माझ्या चुकीतून झाली. ‘कॅम कंपनीचाच आहे’ या मालकाच्या शब्दावर विसंबून मी एका फियाटचे हेड फेस करून, म्हणजे खालून घासून, घेतले. कॅम मात्र जास्त उचल देणारा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खाली ढकलणारा होता. पहिल्याच चाचणीत व्हॉल्व्ह पिस्टनला लागले आणि दोन व्हॉल्व्ह वाकले. खर्च आम्ही सोसला. वडिलांनी एवढेच विचारले, “मोजलं होतंस का?” त्या दिवसापासून आमच्याकडे कॅमची वही आहे.

त्या वहीतली एक नोंद सविस्तर सांगतो. दादरच्या एका काकांची फियाट ११०० आली होती. सिग्नलला उभी राहिली की थरथरत असे, खालच्या वेगात ओढ नव्हती, पण इंजिनाने वेग घेतला की गाडी एकदम मोकळी धावे. दोन ठिकाणी कार्ब्युरेटर बदलून झाला होता. रॉकर कव्हर काढताच माझे लक्ष टॅपेट सेट करण्याच्या, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याच्या स्क्रूंकडे गेले: ते नेहमीपेक्षा बरेच खाली गेलेले होते आणि नटाच्या वर जेमतेम दोन आटे दिसत होते. जुन्याच कॅमला पुन्हा घासून नवा आकार देतात तेव्हा त्याचे मूळ वर्तुळ (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान होते, कॅमची उचल वर नेणारा पुशरॉड खाली उतरतो आणि ती कसर स्क्रूने भरून काढावी लागते.

मग मोजणी सुरू केली. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य दांड्याला, अंशांची चकती लावली आणि प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा बोल्ट बसवला. इंजिन हाताने दोन्ही बाजूंनी फिरवून बोल्टला टेकेपर्यंतचे अंश वाचले, तर एका बाजूला ४१ आणि दुसऱ्या बाजूला ३७ आले. चकती दोन अंश सरकवून दोन्हीकडे ३९ केले, तेव्हा पिस्टनचे वरचे टोक नेमके हाती लागले. पुढची सगळी वाचने इंजिन त्याच्या चालीच्या दिशेनेच फिरवून घेतली, कारण उलट फिरवले की क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या साखळीचा ढिलेपणा आकड्यात शिरतो. डायल गेज (बारीक उचल मोजणारे घड्याळ) टॅपेटवर, म्हणजे कॅमवर टेकणाऱ्या तुकड्यावर ठेवून १.२७ मिलिमीटर उचलीला इनलेट (मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) वरच्या टोकाच्या ७ अंश आधी उघडताना आणि खालच्या टोकानंतर ५१ अंशांवर मिटताना दिसला. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) खालच्या टोकाच्या ४५ अंश आधी उघडून वरच्या टोकानंतर १३ अंशांवर मिटत होता. म्हणजे दोघांचाही उघडे राहण्याचा कालावधी २३८ अंश. कोणत्या उचलीला मोजले हे न सांगता दिलेला कालावधी माझ्या लेखी निरुपयोगी आहे, कारण लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्याच्या) सुरुवातीचा उतार इतका मंद असतो की व्हॉल्व्ह नेमका कधी उघडला यावर दोन मिस्त्रींचे एकमत होत नाही.

या आकड्यांवरून इनलेटच्या कालावधीचा मध्य वरच्या टोकानंतर ११२ अंशांवर आणि एक्झॉस्टचा त्या टोकाआधी १०६ वर येतो. दोघांची सरासरी, १०९, हे दोन लोबांमधले अंतर. ते घासतानाच ठरते आणि साखळी कशीही बसवली तरी बदलत नाही. मध्य मात्र सरकतो. साखळी ताणलेली होती. नवी घातल्यावर इनलेटचा मध्य १०८ वर आला. लोबांमधले अंतर तेवढेच राहिले, म्हणून आधीची मोजणी बरोबर होती याची मला खात्री पटली.

कॅमवरचा आकडा मालकाला फार महत्त्वाचा वाटत होता. तो ओतकामाचा आकडा होता, लोबच्या आकाराबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. घासणाऱ्याचे नाव त्यावर नव्हते. मात्र मूळच्याच शाफ्टवर शर्यतीच्या चालीचा आकार दिलेला आहे, एवढे निश्चित झाले.

काकांना गाडी रोज दादर ते गिरगाव न्यायची होती, म्हणून आम्ही कंपनीच्या मापाचा कॅम आणि त्याबरोबर आठही नवे टॅपेट बसवले. काढलेला कॅम त्यांनी विकू दिला नाही. तो ऑईल लावलेल्या कागदात गुंडाळून आमच्या फळीवर आहे, आणि शेजारच्या डब्यात त्याचे आठ टॅपेट एक ते आठ अशा चिठ्ठ्या बांधून ठेवले आहेत, म्हणजे पुन्हा बसवायची वेळ आली तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर जाईल.