ग्लासची भैरवी

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण मागितलीत, आणि मी लिहितोय एका अमेरिकन संगीतकाराबद्दल. संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं.

फिलिप ग्लास. जन्म १९३७, बाल्टिमोर. आज जगभर नाव आहे. पण चाळिशी गाठली तरी न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवून, नळजोडणीची कामं करून हा माणूस घर चालवत होता. ‘तेच तेच वाजवतो’ हा त्याच्यावरचा जुना आक्षेप. असेलही. पण आपल्या शाळेत ज्यानं संगीताच्या बाईंच्या हाताखाली पलटे, म्हणजे सुरांचे तेच ते क्रम, घोटले, त्याला ‘तेच तेच’चं भय कसलं? पेटीचा भाता मारता मारता बाई फक्त ‘पुन्हा’ म्हणायच्या. बाहेर पंचवटीची बस निघून जायची, आमचा कोमल रिषभ काही लागायचा नाही.

साठच्या दशकात पॅरिसमध्ये पं. रविशंकरांचं चित्रपटसंगीत पाश्चात्य वादकांसाठी लिहून काढायचं काम ग्लासकडे आलं. स्वरलिपीत तो मात्रांचे गट पाडणारे उभे दंड घालायचा आणि तबलावादक उस्ताद अल्लारखा हटकायचे, जोर भलत्याच जागी पडतोय. शेवटी त्यानं दंडच खोडले, तेव्हा कुठे तालाचं आवर्तन दिसलं. गंमत म्हणजे तबलजीकडून एवढं शिकलेल्या या माणसाच्या ‘सत्याग्रह’ ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात, तालवाद्य एकही नाही!

१९८० साली रॉटरडॅमला हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, शब्द थेट गीतेतले, तेही मूळ संस्कृतात. अखेरीस गांधीजी एकटे गातात, चौथ्या अध्यायातलं ‘बहूनि मे व्यतीतानि’. सुरावट काय, तर नुसता आरोह: सा रे ग म प ध नी सां, त्यात रे, ग, ध, नी कोमल. तीस वेळा तोच. भैरवी थाटाचे सूर! राग भैरवी नव्हे हे कबूल, पण आपली मैफल भैरवीनं संपते, आणि इथेही शेवटाला हेच सूर यावेत याचं मला अजून नवल वाटतं. खाली वाद्यमेळातली स्वरसंगत सरकत राहते, त्यामुळे तोच आरोह दर खेपेला नव्या उजेडात दिसतो. माझ्या मते ग्लासचं मोठेपण इथे आहे, त्याच्या पुष्कळशा चित्रपटसंगीतात नाही.

बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर हा तुकडा टाकला, तर एकानं विचारलं, ‘गाणं सुरू कधी होतं?’ दुसऱ्यानं मात्र पूर्ण ऐकलं आणि लिहिलं, ‘“भवति भारत”चं “भवटि भारट” केलंय. संस्कृतच्या सरांनी बाकावर उभं केलं असतं.’