अंगठ्याचे रुतलेले नख

पायाच्या अंगठ्याचे नख कडेच्या मांसात रुतते तेव्हा सर्वांचे लक्ष सुजून लाल झालेल्या मांसाकडे जाते आणि उपचारही त्या मांसावरच सुरू होतात. कोणी हळद भरायला सांगते, कोणी लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून ठेवायला सांगते, औषधाच्या दुकानातून मलम येते आणि पाठोपाठ प्रतिजैविकाच्या गोळ्याही येतात. गोळ्यांनी पू आटतो, ठणका थांबतो, आणि काही आठवड्यांत सारे पुन्हा पहिल्यासारखे होते. काटा आत तसाच ठेवून वरून मलम लावावे, तसे हे आहे. दोष नखाच्या कडेत असतो. ती कड निघेपर्यंत किंवा मांसापासून दूर होईपर्यंत मांस बरे होत नाही. माझ्या उजव्या अंगठ्यावर उपचार करणाऱ्या सर्जननी हे मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितले, आणि पुढचे सगळे उपचार मला त्यामुळेच नीट कळत गेले.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत बंद बूट सक्तीचे असतात, तासन्‌तास उभे राहावे लागते आणि कोकणातल्या पावसाळ्यात मोजे दिवसभर ओलसर राहतात. ओलाव्याने कडेचे मांस मऊ पडते, चिंचोळा बूट ते नखावर दाबतो, आणि नख मुळातच कडेला वळलेले असेल, जसे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तर ते रुतायला वेळ लागत नाही. याशिवाय ठेच लागणे, फुटबॉलसारखे खेळ आणि नखाचे कोपरे गोल कापण्याची सवय ही कारणे आहेतच. कोपरा खोलवर कापला की तात्पुरते बरे वाटते, पण आत नखाची एक टोकदार कुसळ राहते आणि नख वाढू लागले की तीच पुढे मांसात घुसते. नख नेहमी आडवे, सरळ रेषेत कापावे, दोन्ही कोपरे डोळ्यांना दिसतील इतके ठेवावे. नखाच्या मध्यावर खाच पाडली की कडा मांसापासून सुटून मध्याकडे ओढल्या जातात अशी एक समजूत आहे. तिला आधार नाही, कारण नख मुळापासून पुढे सरकते, टोकाच्या खाचेचा त्याच्या वळणावर काहीही परिणाम होत नाही.

नुसती लाली आणि दाबल्यावर दुखणे एवढेच असेल, तर घरच्या घरी पुष्कळ काही करता येते. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात पाऊल पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावे, ते नीट कोरडे करावे, आणि मऊ झालेल्या नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची अगदी बारीक वात अलगद सरकवावी, म्हणजे नख मांसावरून उचलले जाते. वात रोज बदलायची, ओली ठेवायची नाही. कडेचे मांस नखापासून दूर ओढून धरणारी चिकटपट्टी लावण्याची पद्धतही उपयोगी आहे. हे सर्व कोपरा मांसाच्या पुढे वाढून येईपर्यंत करावे लागते, आणि पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढते. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून हे सोडून देणारे फार भेटतात, याचे मला वाईट वाटते.

माझे दुखणे त्यापुढे गेले होते. नखाच्या कडेला लालभडक, ओलसर, नुसत्या स्पर्शाने रक्त येणारे मांस वाढले होते, आणि अशा अवस्थेत नखाची रुतलेली कड काढणे हाच योग्य मार्ग असतो. पूर्ण नख उपटण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. परंतु मूळ शाबूत असल्यामुळे नवे नख त्याच वळणाने येते आणि बरेचदा पुन्हा रुतते. त्याऐवजी फक्त कडेची चिंचोळी पट्टी काढतात आणि तेवढ्याच भागाचे मूळ फिनॉल या दाहक रसायनाने जाळतात. ही पद्धत पायांच्या विकारांचे चिकित्सक ओटो बोल यांनी १९४५ साली मांडली आणि आजही ती अत्यंत भरवशाची मानली जाते.

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी दिलेली बधिर करण्याची इंजेक्शने हाच या शस्त्रक्रियेतला खरा दुखरा भाग. नंतर अंगठ्याच्या मुळाशी रबरी पट्टा आवळतात, कारण रक्त आले तर फिनॉल पातळ होते आणि मूळ अर्धवट जळते. नखाची पट्टी उभी कापून चिमट्याने बाहेर काढल्यावर डॉक्टरांनी ती मला गॉझवर ठेवून दाखवली. वरून दिसणारा भाग जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीचा होता, पण मांसात दडलेली कड करवतीसारखी दातेरी होती आणि तिच्या टोकाला एक बारीक आकडा होता. त्यानंतर फिनॉलमध्ये बुडवून निथळलेली कापसाची काडी मुळाच्या खाचेत दाबून धरली गेली. त्या उग्र, गोडसर वासाशी माझा रोजचा परिचय आहे. फिनॉल प्रथिने गोठवते, कातडी पांढरी करते आणि मज्जातंतूंची टोकेही बधिर करते; म्हणूनच या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे अपेक्षेपेक्षा कमी असते. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगो येथे जंतू मारण्यासाठी जखमांवर वापरलेले कार्बोलिक ॲसिड म्हणजे हेच द्रव्य, हे तेथे पडल्यापडल्या आठवून मला खरोखर धीर आला.

बरे होण्याचा काळ मात्र आधी समजून घेतला पाहिजे. फिनॉलची जखम ही रासायनिक भाजणी असते, त्यामुळे तिच्यातून दोन ते चार आठवडे, क्वचित सहा आठवडेही, पिवळसर लस पाझरत राहते. ती पाहून अनेकजण पू झाला असे समजून घाबरतात. वेदना दिवसेंदिवस कमी होत असेल आणि लाली जखमेच्या कडेपुरतीच असेल, तर हे पाझरणे स्वाभाविक असते. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका वाढणे, लाली पावलावर चढणे, दुर्गंधी किंवा ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पहिले एक-दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवावा. पट्टी चिकटली असेल तर कोरडी ओढू नये. सलाईनने किंवा उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवावी. पुढे रोज धुऊन, टिपून, न चिकटणारी पट्टी बांधायची आणि पुढून उघडी चप्पल वापरायची. पावसाळ्यात हे कठीण जाते, म्हणून ज्यांना निवड आहे त्यांनी ही शस्त्रक्रिया कोरड्या ऋतूत करून घ्यावी असे माझे मत आहे. नख कायमचे थोडे अरुंद राहते. मला त्यात काहीही वावगे वाटत नाही.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच दुखणे निराळे वागले. त्यांना मधुमेह आहे, आणि त्यांचा अंगठा दुखतच नव्हता. आईला मोज्यावर डाग दिसला म्हणून कळले. सर्जननी नखाला हात लावण्याआधी पावलावरची नाडी पाहिली, संवेदना तपासली, रक्तातली साखर मोजली आणि मगच रुतलेला कोपरा तिरपा कापून काढला. “काका, यापुढे नख वाढले तरी ब्लेड हातात घ्यायचे नाही,” असे त्यांनी बजावले. ज्यांची संवेदना कमी आहे किंवा पायाचा रक्तपुरवठा मंद आहे, त्यांच्यासाठी वर सांगितलेला कापसाच्या वातीचा उपायही डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नाही. आता रोज संध्याकाळी आई दिव्याखाली बाबांची दोन्ही पावले पाहते : नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या आणि शेवटी टाचा. बोटाने दाबल्यावर अंगठ्याची कड गरम किंवा ओलसर लागली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात असतो.