रेस खाली येईना: दोन कार्ब्युरेटर जुळवतानाचा माझा अनुभव

माझी मोटारसायकल जुनी, दोन सिलिंडरची, हवेवर थंड होणारी. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. थंड असताना चोक ओढला की पहिल्याच झटक्यात सुरू व्हायची, त्यामुळे बरेच दिवस मला वाटत होतं की फार काही बिघडलेलं नाही. पण गरम झाल्यावर ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी रेस (इंजिनाचा वेग) खाली यायचीच नाही. काटा मिनिटाला २,००० फेऱ्यांवर तरंगत राहायचा, मग रेंगाळत १,२०० पर्यंत उतरायचा आणि कधीकधी तिथून गाडी थेट बंद पडायची. मूठ जराशी उघडली की अडखळायची, जास्त उघडली की नीट ओढायची. उतारावर मूठ बंद केली की सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा.

सुरुवातीचे दोन आठवडे मी फक्त मिक्श्चरचे (हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलणारे) स्क्रू फिरवले. स्क्रू अर्धा आटा (फेरा) बाहेर काढला की फटफट कमी व्हायची, पण दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करताना वेगळीच तक्रार. आयडलिंगचा (मूठ सोडलेली असतानाच्या रेसचा) स्क्रू चढवला की बंद पडणं थांबायचं, पण मग रेस आणखी वर अडकायची. आज काय फिरवलं होतं हे उद्या आठवत नसे. शेवटी एक वही केली आणि ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी मूळ स्थिती लिहून ठेवायची. पुढे जे काही जमलं त्याचं अर्धं श्रेय या वहीचं आहे.

पहिली नोंद मुठीची होती. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या चिकटवून पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या. कार्ब्युरेटरमध्ये एकच भोक सगळं पेट्रोल पुरवत नाही. मूठ बंद असल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेट (बारीक भोकाचा पितळी तुकडा) आणि मिक्श्चर स्क्रूचं राज्य असतं. पाव ते पाऊण या भागात नीडल (निमुळती सुई) आणि तिच्या भोवतीची नळी काम करतात, आणि त्यापुढे मेन जेट (मोठ्या भोकाचा). हे भाग एकमेकांत थोडे मिसळतात, पण तक्रार कुठल्या पट्टीवर येते हे कळलं की निम्मं शोधकाम संपतं. माझी मुख्य तक्रार पहिल्या पावात होती. म्हणजे मेन जेट बदलण्याचा जो सल्ला मला सगळ्यात जास्त वेळा मिळाला होता, त्याचा या दुखण्याशी संबंधच नव्हता.

तरीही कार्ब्युरेटर लगेच उघडले नाहीत. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की आधी टॅपेट (वाल्वची फट), प्लग, एअर फिल्टर आणि इग्निशन तपासा. थंड इंजिनवर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर डाव्या इनटेक (मिश्रण आत घेणाऱ्या) वाल्वला ०.०४ मिमी गॅप निघाला, हवा होता ०.०८ ते ०.१२. वाल्व नीट बसत नसेल तर त्या सिलिंडरची ओढ कमी पडते, आणि मग कार्ब्युरेटर कितीही जुळवा, दोन्ही सिलिंडर एकसारखे चालणार नाहीत. टॅपेट सेट केल्यावर बंद पडणं बरंच कमी झालं. रेस मात्र तशीच अडकत राहिली.

मग कार्ब्युरेटर उतरवले. एक गोष्ट आवर्जून सांगतो: जपानी कार्ब्युरेटरवरचे चौफुली स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच वेगळी असते. फिलिप्सचा पेचकस जोर लावला की बाहेर सरकतो आणि पितळेचं किंवा मऊ लोखंडाचं डोकं गोल करून टाकतो. जेआयएस (जपानी मानक) मापाचा पेचकस घेतल्यावर वर्षानुवर्षं न हललेले स्क्रूही एकेक करून सुटले.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी ते हलकेच आत टेकेपर्यंत फिरवून आटे मोजले: डावा पावणेदोन, उजवा सव्वातीन. इतका फरक म्हणजे उजव्या बाजूला मी काहीतरी झाकत होतो. स्क्रू टेकवताना जोर लावू नये. त्याचं टोक सुईसारखं असतं, दाबलं तर तेही बिघडतं आणि ते जिथे बसतं ते भोकही. आणखी एक गोंधळ इथेच होतो. माझ्या कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू बटरफ्लायच्या (मुठीने उघडणाऱ्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणून तो पेट्रोल मोजतो आणि बाहेर काढला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो आणि सगळं उलटं होतं. तुमच्या गाडीत तो कुठे आहे हे पाहिल्याशिवाय कुणाचाही सल्ला अमलात आणू नका.

उजवा पायलट जेट उजेडासमोर धरला तर भोक अर्धवट बुजलेलं दिसलं. त्यात तार घालायचा मोह होतो, पण पितळ मऊ असतं आणि भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. तारेने ते नकळत मोठं होतं आणि मग जेटवरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कार्ब क्लीनरमध्ये (कार्ब्युरेटर साफ करायच्या द्रवात) रात्रभर ठेवून दाबाच्या हवेने फुंकला तेव्हा भोक स्वच्छ गोल दिसलं. दोन्ही डायफ्रॅम (पातळ रबरी पडदे) ताणून उजेडात पाहिले, ते सुदैवाने शाबूत होते. डायफ्रॅमला टाचणीएवढं भोक असलं तरी स्लाइड (नीडल धरणारा सरकता भाग) पूर्ण वर जात नाही.

फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) उंची डावीकडे २५ मिमी, उजवीकडे २६.५. कार्ब्युरेटर तिरका धरून, फ्लोटची जीभ नीडल वाल्वच्या (पेट्रोल थांबवणाऱ्या छोट्या वाल्वच्या) स्प्रिंगला नुसती टेकेल पण दाबणार नाही अशा स्थितीत हे माप घ्यायचं. उलटा ठेवला तर फ्लोटच्या वजनाने स्प्रिंग दबते आणि माप खोटं येतं. उंची जास्त म्हणजे पेट्रोलची पातळी कमी, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी). जीभ केसभर वाकवून दोन्ही २५ वर आणले. परत लावण्याआधी एक बारीक तार दोन्ही बटरफ्लायखालून सरकवून पाहिली आणि ती दोन्हीकडे सारखीच घासेल इतपत कच्चा मेळ घातला.

सगळं बसवून गाडी सुरू केली. आवाज आधीपेक्षा गोड. गरम झाली, मूठ सोडली, आणि काटा पुन्हा २,००० वर थांबला. त्या संध्याकाळी मी खूप निराश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा वाचली. टॅपेट झाले, जेट झाले, फ्लोट झाले. ॲक्सिलरेटरची केबल तपासली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही ती मोकळी होती. राहिली होती फक्त बाहेरून शिरणारी हवा. या कामासाठी पुष्कळजण चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. मला तापलेल्या इंजिनाजवळ ज्वलनशील काही नको होतं, म्हणून साध्या पाण्याचा बारीक फवारा घेतला. कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या उजव्या रबराच्या खालच्या बाजूला फवारा लागताच रेस क्षणभर खाली आली आणि पुन्हा चढली. तीनदा केलं, तीनदा तसंच झालं. रबर काढून वाकवलं तेव्हा आतपर्यंत गेलेली चीर दिसली. वरून ते अगदी धड दिसत होतं. थंड असताना चीर मिटायची, गरम झाल्यावर उघडायची. त्या फटीतून येणाऱ्या हवेवर उतारा म्हणून मी उजवा स्क्रू सव्वातीन आट्यांपर्यंत बाहेर काढला होता. दोन्ही रबरं आणि त्यांच्या ओ रिंग (गोल रबरी कड्या) नव्या घातल्या.

आता मात्र खरं ट्यूनिंग सुरू झालं. इंजिन पूर्ण गरम, आयडलिंग १,२००. एक स्क्रू हळूहळू आत, रेस पडायला लागेपर्यंत. मग हळूहळू बाहेर, रेस सर्वात चढेपर्यंत. आयडलिंग परत १,२०० वर आणून दुसरी बाजू. डावा दोन आट्यांवर स्थिरावला, उजवा सव्वादोनवर. सर्वात चांगली जागा एका आट्याच्या आत किंवा तीनच्या पलीकडे सापडत असेल, तर मी स्क्रू सोडून पायलट जेटकडे पाहीन.

सिंक करायला, म्हणजे दोन्ही बटरफ्लाय सारखे उघडायला, व्हॅक्यूम गेज (ओढ मोजायची यंत्रं) नव्हते. एका फळीवर पारदर्शक नळीचा मोठा U केला, त्यात थोडं टू-स्ट्रोक तेल भरलं आणि दोन्ही टोकं दोन्ही कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांना जोडली. ज्या बाजूची ओढ जास्त, त्या बाजूला तेल चढतं. म्हणजे त्या बाजूचा बटरफ्लाय जास्त मिटलेला. पहिल्यांदा तेल इतक्या वेगाने वर धावलं की इंजिनात जाण्याआधी स्विच बंद करावा लागला. नंतर दोन्ही नळ्यांमध्ये अरुंद भोकाचे तुकडे घातले, त्यामुळे तेलाचं थरथरणंही थांबलं. टाकी काढलेली असल्याने पेट्रोल वर टांगलेल्या छोट्या बाटलीतून दिलं आणि इंजिनासमोर मोठा पंखा लावला. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या उभ्या फार लवकर तापतं. कार्ब्युरेटरच्या मधला स्क्रू आट्याच्या आठव्या भागाने फिरवायचा, मूठ एकदा चटकन उघडून सोडायची म्हणजे जोडणी आपल्या जागी बसते, मग तेल पाहायचं. असं सातव्या की आठव्या वेळी तेलाच्या दोन्ही रेषा एका पातळीवर आल्या. ३,००० वरही त्या बोटभरापेक्षा जास्त हलल्या नाहीत. हँडलमधली जी थरथर मला या गाडीचा स्वभावच वाटत होती, ती त्याच क्षणी ओसरली. सिंकनंतर आयडलिंग चढलं होतं, ते उतरवलं आणि मिक्श्चर पुन्हा एकदा तपासलं.

रस्त्यावर एक गोष्ट उरली: मूठ पाव ते अर्धी उघडताना बारीकशी घुटमळ. तो भाग नीडलचा. माझ्या नीडलला क्लिपसाठी खाचा नाहीत, म्हणून खाली ०.५ मिमीचा वायसर घालून ती उचलली. दोन वायसरांवर इंजिन जड झालं आणि प्लग काळे पडले, एकावर घुटमळ गेली. प्लगच्या रंगावर मी पूर्ण विसंबत नाही, शिसेविरहित पेट्रोलमध्ये तो पूर्वीसारखा स्पष्ट उमटत नाही. पण दोन्ही प्लग सारखे दिसतात याला मी महत्त्व देतो.

आता मूठ सोडली की काटा सरळ १,२०० वर येतो आणि तिथेच थांबतो. मुठीवरची टेप अजून काढलेली नाही, कारण शेवटचा पाव, मेन जेटचा, तपासायचा राहिला आहे. त्यासाठी लांब, मोकळा आणि सुरक्षित रस्ता हवा.