आमची वाटचाल : रबराची सील आणि ठाणेदारांचा हिशोब

उद्यमबागेत टेस्टिंग लॅब आहे म्हटलं की बेळगावात हमखास विचारणा होते, "म्हणजे श्री ठाणेदारांसारखं?" अमेरिकेत लॅबचा धंदा करून पुढे राजकारणात गेलेले ते ठाणेदार. धंदा तोच, आकार सोडून द्या.

ठाणेदार बेळगावात वाढले, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. १९८२ मध्ये अक्रन विद्यापीठातून पॉलिमर रसायनशास्त्रात पीएच.डी. झाले आणि १९९१ मध्ये सेंट लुइसची केमिर ही छोटी लॅब त्यांनी ७५,००० डॉलरला विकत घेतली. या धंद्यात विकायला माल नसतो. गिऱ्हाईक वस्तू आणून ठेवतं आणि विचारतं, यात काय आहे आणि ती का बिघडली?

आमच्याकडे येते ती बहुतेक हायड्रॉलिक सिलिंडरची सील, फुगलेली किंवा चिरलेली. आधी बारीक तुकडे करून सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक उकळून पुन्हा पुन्हा नमुन्यावर सोडणाऱ्या काचेच्या उपकरणात, ॲसिटोनने १६ तास धुतो, म्हणजे आतलं तेल निघतं. ही पायरी गाळली तर पुढे तेल आणि रबर यांची वजनं एकमेकांत मिसळतात. मग साधारण १० मिलिग्रॅम टीजीएमध्ये, म्हणजे तापवता तापवता वजन मोजणाऱ्या यंत्रात. नायट्रोजनमध्ये ६०० अंशांपर्यंत रबर जातं, हवा सोडली की कार्बन ब्लॅक (रबरात भरलेली काजळी) जळतो, उरते ती राख. गफलत होते ती इथेच. रबरात खडूची भुकटी असेल तर साधारण ६०० ते ७५० अंशांच्या पट्ट्यात तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ती घट कार्बन ब्लॅकच्या खात्यात पडते. म्हणून आम्ही मफल भट्टीत ५५० अंशांवर वेगळी राख करून तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकतो. फसफसली की खडू. रबर कुठलं ते एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र, सांगतं : आलेखात २२४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास शिखर दिसलं तर नायट्राइल, म्हणजे तेलात टिकणारं रबर. काळं रबर या यंत्राच्या डायमंड स्फटिकावर नीट वाचता येत नाही, जर्मेनियमचा स्फटिक लावावा लागतो. निदान बऱ्याचदा साधंच निघतं : नायट्राइलच्या जागी ईपीडीएम हे दुसरं रबर बसवलेलं, आणि ते खनिज तेलात फुगतंच.

केमिर वाढली. मग ठाणेदारांनी कर्ज काढून एकामागून एक लॅब विकत घेतल्या, आणि २००८ ची मंदी आली. लॅबमध्ये नमुने कमी झाले तरी केमिस्टचा पगार आणि बँकेचा हप्ता तेवढाच राहतो. कारखान्यासारखी एक पाळी बंद करून भागत नाही. २०१० मध्ये बँकेने कंपनी रिसीव्हरकडे, म्हणजे कर्जवसुलीसाठी ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दिली. आमच्या मते चूक वाढण्यात नव्हती, उधारीवर वाढण्यात होती. त्याच वर्षी त्यांनी ॲन आर्बरमध्ये ॲव्होमीन काढली, धंदा पुन्हा तोच. २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला.

पुढचं राजकारण मिशिगनमधलं. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात त्या फेरीत, स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर ओतून ते तिसरे आले. राज्यात ८३ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग. पैशाने नाव घरोघरी पोचतं, पण मतदार बाहेर काढायला तिथली माणसं लागतात. २०२० मध्ये त्यांनी फक्त डेट्रॉइटमधला एक मतदारसंघ धरला आणि जानेवारी २०२१ मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात बसले. २०२२ मध्ये मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून थेट वॉशिंग्टनची काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद. मोठी उडी फसल्यावर लहान जागा पकडायची ही रीत आम्हाला त्यांच्या दुसऱ्या लॅबमध्येही दिसते.

आम्ही जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र, अजून घेतलेलं नाही. हप्ता भरण्याइतके नमुने महिन्याला येत नाहीत, तोवर ते काम बाहेरून करून घेतो आणि रिपोर्टवर तसं लिहितो. सील पाठवताना तेल पुसू नका, आणि त्याच लॉटमधली एक न वापरलेली सील वेगळ्या पिशवीत द्या. ती नसली तर फुगवटा मोजायला आधारच राहत नाही.