शनिवारी देवगिरी ते वेरूळ, रविवारी जंजाळा ते वेताळवाडी

रविवारी संध्याकाळी पावणेपाचला आम्ही चौघं छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या हळद्याच्या घाटात एका मोटरसायकलभोवती गोल करून उभे होतो. गाडीत पेट्रोल होतं, चाकांत हवा होती. किल्ली मात्र डोंगरापलीकडे जंजाळ्याला उभ्या असलेल्या कारमध्ये, मागच्या सीटवर टाकलेल्या माझ्या जॅकेटच्या खिशात होती. माझा मित्र मास्तर काही बोलला नाही. त्याने फक्त बूट काढले आणि रस्त्याच्या कठड्यावर बसला.

आडवं चालायचं, म्हणजे एका अंगाने डोंगरात शिरून दुसऱ्या अंगाने बाहेर पडायचं, तर पायांपेक्षा जास्त डोकं गाड्यांच्या हिशोबाला लागतं. शनिवारी तो हिशोब आम्हाला चोख जमला होता. पहाटे कार वेरूळला लावली आणि कन्नडकडून येणाऱ्या एसटीने दौलताबादला, म्हणजे देवगिरीच्या पायथ्याला, उलटे आलो. हे कायम असंच करा. गाडी शेवटाला असली की दमलेल्या पायांनी बसची वाट बघावी लागत नाही, आणि चालताना 'गाडीकडे चाललोय' या विचारानेच शेवटचे दोन तास निघून जातात.

देवगिरी किल्ला उघडल्या उघडल्या आत गेलो. चांदमिनार, भारतमाता मंदिर, अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग), मेंढा तोफ, असं करत माथ्यावरच्या जनार्दनस्वामींच्या समाधीपर्यंत जाऊन खाली यायला अडीच-तीन तास जातात. दिवसभर चालायचं असेल तर किल्ला निम्म्यातून सोडा, असं काही जण सांगतील. माझं मत उलट आहे: सकाळच्या गारव्यात हाच चढ करून घ्यावा, नंतरचा दिवस सौम्य आहे. खाऊ मात्र पिशवीच्या तळाशी ठेवा. बरोबरच्या बँकवाल्या मित्राच्या हातातलं बिस्किटाचं पाकीट वानराने इतक्या शांतपणे घेतलं की 'थँक्यू' म्हणायचंच बाकी होतं.

तिथून घाटाने कागजीपुरा आणि मग खुलताबाद. हातकागदाची परंपरा सांगणारं कागजीपुरा रस्त्यातच लागतं. रस्ता डांबरी आहे, शनिवारी गाड्यांची रांग असते, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या कडेने चाला. या रस्त्यावर चालणाऱ्याकडे कोणी चमकून बघत नाही. श्रावणी शनिवारी रात्रभर संभाजीनगर शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांची इथे रीघ लागते. आणि १३२७ साली तुघलकाने दिल्लीकरांना थेट देवगिरीपर्यंत आणलं होतं, आम्हाला तर फक्त वेरुळापर्यंत जायचं होतं. दौलताबादला पेरू घेतले, तिखट-मीठ लावून. दुपारपर्यंत तेच पोटाला.

खुलताबादला भद्रा मारुतीपाशी शनिवारची गर्दी, त्यामुळे बाहेरूनच हात जोडून सुलीभंजनला वळलो. जनार्दनस्वामींचे शिष्य संत एकनाथ इथे अनुष्ठानाला बसले होते. दत्ताच्या देवळापाशी एक शिळा आहे, तिच्यावर छोट्या दगडाने टोला दिला की घंटेसारखा नाद येतो. तिथे आम्ही गरजेपेक्षा वीस मिनिटं जास्त थांबलो, कारण प्रत्येकालाच वाजवून बघायची होती. ही वीस मिनिटं पुढे महागात पडली. पठारावरून येळगंगा ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेली गणेश लेणी बघायचं ठरलं होतं, ते रद्द करून घाटरस्त्यानेच वेरूळला उतरावं लागलं. तुम्ही गेलात तर एक लक्षात ठेवा. ओढ्याच्या कडेकडेने धबधब्याच्या तोंडाशी जाऊ नका. खाली वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्यापाशी कडा सरळ तुटलेला आहे आणि पावसाळ्यानंतरही तिथला खडक निसरडा असतो. लेणी बघायची असतील तर वेगळा दिवस काढा, फक्त मंगळवार नको, त्या दिवशी वेरूळ बंद असतं.

संध्याकाळी सहाला कारपाशी. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत उंडणगावला बँकवाल्याच्या मावशीकडे पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवण झालं आणि ओसरीच्या दिव्याखाली दुसरं काम सुरू झालं: मोज्यांतली कुसळं काढणं. डिसेंबरात पठारावरचं कुसळी गवत वाळलेलं असतं आणि त्याचं टोक कापडात शिरलं की पुढेच सरकत जातं. बाहेरून ओढलं तर उलटे दाते अडकून ते मोडतं. मोजा उलटा करायचा आणि ज्या दिशेने कुसळ शिरलंय त्याच दिशेने ते पुढे ओढून काढायचं. मावशींनी चिमटा आणून दिला आणि म्हणाल्या, "रानात जायचं तर मोजे कशाला घालता रे?" मास्तरच्या टाचेला नवीन बुटांनी रुपयाएवढा फोड आणला होता. दोन दिवस चालायचं असेल तर जुनेच बूट घ्या, आणि फोड त्याच रात्री झाकून टाका. सकाळी बघू म्हटलं की सकाळी लंगडावं लागतं.

रविवारी मावसभावाची मोटरसायकल आधी हळद्याच्या घाटात, वेताळवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी लावली आणि कारने अंभईवरून जंजाळा गाठलं. जॅकेट काढलं ते इथेच. गावातले एक गुराखी मामा वाट दाखवायला तयार झाले. मामांशिवाय हा रस्ता करू नका. गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की प्रत्येक वाट खरी वाटते. आधी ठरवून त्यांना रोजगार द्या, जेवणही आपल्याबरोबरच.

घटोत्कच लेणी गावाजवळ दरीत आहेत. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तिथे आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवणारा तोच. लेण्यात शिरताना आवाज नको, धूर नको, अत्तर तर नकोच. या कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

जंजाळ्याचा किल्ला म्हणजे सपाट माळ, गावातून चालत गेलं की आपण किल्ल्यात आहोत हे तटबंदी लागल्यावरच कळतं. त्याच्या एका दरवाजाचं नाव वेताळवाडी दरवाजा. तिकडे वेताळवाडीच्या किल्ल्यालाही जंजाळा दरवाजा आहे. एका दरवाजातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत जायचं, एवढ्यासाठीच आम्ही ही चाल आखली होती. मधली दरी मात्र दोन्हीकडून दिसते त्यापेक्षा खोल निघते. उतार घसाऱ्याचा (सुट्या दगड-मातीचा), बोरी-बाभळीचा. आम्ही भरभर उतरायला लागलो तसे मामा म्हणाले, "काहून घाई करू राहिले? किल्ला काय पळून चालला का?"

पाण्याचं सांगतो. माणशी चार लिटर घ्या. आम्ही तीन घेतलं होतं आणि वेताळवाडीच्या चढाला शेवटची बाटली चौघांत फिरत होती. किल्ल्यांवर टाकी आहेत, पण ते पाणी आम्ही प्यायलो नाही. या भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधाराच्या आत डांबरी रस्ता गाठायचाच. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो. सकाळी आठला निघालात तर पुरेसा वेळ मिळतो, आम्ही नऊ केले. जंजाळा दरवाजातून वेताळवाडीत शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते, बुरुजावरून मागे वळून बघितलं तर सकाळचं पठार एका रेघेसारखं दिसत होतं.

आणि मग तो घाट, ती मोटरसायकल. शेवटी हळद्याहून उंडणगावला कापूस घेऊन निघालेल्या एका पिकअपला हात केला, त्याने थांबून आम्हाला घेतलं. मागे कापसाच्या गाठोड्यांवर मी आणि मामा. मामांना तसंही घरी जायचंच होतं. उंडणगावात उतरून मावसभावाला उठवलं, तो शेजाऱ्याच्या गाडीवर आम्हा दोघांना जंजाळ्याला घेऊन गेला, कार काढली, किल्ली घेतली, घाटात पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. मास्तर अजून कठड्यावरच होता. माझ्या केसांतला कापूस काढत म्हणाला, "पुढच्या वेळी किल्ली माझ्या गळ्यात."