बंपरवरचं स्टिकर का सुटतं
आजचा निम्मा दिवस एका रॅली कारच्या बंपरने खाल्ला. दारं, बॉनेट दुपारपर्यंत उरकलं, पण बंपरवरची कड परत परत उठत होती. बंपर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा, त्यावर गोंद मुळातच नीट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसायचं, ओलं असतानाच स्वच्छ कापडाने टिपायचं आणि फक्त कडांना प्रायमरचा, म्हणजे गोंदाची पकड वाढवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात द्यायचा. सगळीकडे प्रायमर फासला तर काढताना रडू येतं.

खोलगट भागात स्वस्त कॅलेंडर्ड (रुळांमधून लाटून केलेलं) विनाइल, म्हणजे स्टिकरची प्लास्टिक फिल्म, ताणून बसवलं की उन्हात आकसतं. तिथे 50 मायक्रॉनचं कास्टच (पातळ ओतून केलेलं विनाइल) हवं. बसवून झालं की हीट गनने साधारण 95 अंशांपर्यंत तापवायचं, तेही थर्मामीटरने मोजून. हाताला 95 कळत नाही.

इको-सॉल्व्हंट (सौम्य द्रावकाच्या) शाईचं प्रिंट लॅमिनेशनआधी, म्हणजे वरून पारदर्शक फिल्म चढवण्याआधी, निदान 24 तास मोकळं लटकवा, गुंडाळून ठेवू नका. सॉल्व्हंट आत अडकला की गोंद मऊ पडतो, कडा कुरळ्या होतात आणि गिऱ्हाईक विनाइलला शिव्या घालतं. गाडीच्या ताज्या रंगावर तर बुडबुडे ठरलेलेच; दोन-तीन आठवडे थांबायला हवं. शर्यत रविवारी आणि गाडी शुक्रवारी रंगून येते, त्याला काय करणार!

टोकदार कोपरे 5 मिमीने गोल करा. आणि दारावरच्या नंबरांचा एक जादा जोड ॲप्लिकेशन टेप (स्टिकर उचलून जागेवर बसवायची टेप) लावूनच गाडीसोबत द्या. रॅलीत दारं घासतातच.