मालवणात आई पाण्यात उतरली

सांगलीहून फोंडा घाटाने मालवण, चिवल्याच्या किनाऱ्याजवळ घरगुती खोल्या, दोन्ही वेळा सुरमई आणि सोलकढी, संध्याकाळी रॉक गार्डन. सुट्टीचं एवढं वर्णन पुरे. मला सांगायची आहे ती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला काढलेली सकाळ, कारण त्या सकाळी माझी आई समुद्रात उतरली.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आई-बाबा घराच्या माडीवर अडकले होते. जिन्यात पाणी, कोणती पायरी कुठे संपते तेही दिसेना. शेवटी दोघांना गॅलरीतून रबरी बोटीत उतरवून घेतलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी माणसं बुडून गेली. ती बातमी कानावर आल्यापासून आई बोटीच्या वाटेला गेली नव्हती. हरिपूरच्या संगमावरही ती वरच्या पायरीवरूनच हात जोडते.

त्यामुळे स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघण्याचा, हट्ट लेकीने धरला तेव्हा आईने होकार दिला तो एका बोलीवर: मी बोटीत बसून चपला आणि मोबाइल सांभाळीन, मला कोणी आग्रह करायचा नाही.

बोटवाले काका साठीच्या पुढचे, जन्म मासेमारीत गेलेला. सीझनमध्ये पर्यटकांना नेतात. किल्ल्याला वळसा घालून त्यांनी बाकीच्या बोटींपासून थोडं लांब, वाळूवर नांगर टाकला. त्यांचा पुतण्या आधी पाण्यात उतरला. मग मास्कचे धडे सुरू झाले. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी लावायची, हे ऐकून लेकीने तोंड फिरवलं आणि मग सगळ्यांत आधी तीच थुंकली. बाबांचा मास्क काही केल्या बसेना. मिशीच्या केसांतून पाणी आत झिरपत होतं. काकांनी डबीतलं व्हॅसलीन काढून त्यांच्या मिशीवर चोपडलं, तेव्हा कुठे मास्क चिकटला. नाक बंद, श्वास फक्त तोंडातल्या नळीतून. पहिली दोन-चार मिनिटं छातीत धडधड होते, मग श्वासाला लय सापडते.

आम्ही एकेक करून खाली जात होतो आणि वर येऊन ओरडत होतो. आई बोटीच्या कडेला पदर खोचून बसली होती. लेक पाण्यातूनच तिला सांगत होती, आजी, पिवळे मासे, काळ्या पट्ट्यांचे, माझ्या हाताला लागून गेले. काका आईला काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त लाइफ जॅकेट तिच्या शेजारी ठेवलं आणि लोखंडी शिडी पाण्यात सोडली. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "पाय तेवढे बुडवते." मग पाय, मग गुडघे. शिडीच्या शेवटच्या दांडीवर ती कितीतरी वेळ उभी होती, दोन्ही मुठी आवळून. मी जवळ होते, पण बोलले नाही. पुतण्याने टायरची ट्यूब तिच्यापुढे धरली. तिने आधी एक हात सोडला, मग दुसरा, आणि डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं.

नळीतून एक मोठा हुंकार आला. मी घाबरले. आईने डोकं वर काढलं, नळी बाजूला केली आणि म्हणाली, "खालचं सगळं दिसतंय गं!"

त्यानंतर तिला बाहेर काढणंच कठीण झालं. कपारीत बसलेले लांब काट्यांचे काळे गोळे, हिरवट-तपकिरी प्रवाळाचे थोराड गोळे, त्यांच्यावर चरणारे मासे, प्रत्येक गोष्ट ती बोटाने दाखवत होती. एकदा तिचा पाय टेकू लागला तसे काका वरून कडाडले, "पाय ठेवू नकात, तो फातर नाय, जितो आसा!" म्हणजे तो दगड नाही, जिवंत आहे.

आणि इथेच माझं रक्त तापलं, कारण थोड्या अंतरावरच्या बोटींत नेमकं उलटं चाललं होतं. थकलेल्या पर्यटकांना गाइडच सांगत होते, या दगडावर उभे राहा, फोटो काढू. नांगर थेट प्रवाळावर. मासे गोळा व्हावेत म्हणून बिस्किटांचे पुडेच्या पुडे पाण्यात. मासे आपलं रोजचं चरणं सोडून भुग्यासाठी गर्दी करतात आणि रिकामी वेष्टणं तिथेच तरंगत राहतात. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळ आहे. असा भरीव गोळा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे एका सेल्फीत गेलेला टवका भरून यायला वर्षं लागणार. वाघाच्या पाठीवर उभं राहून कोणी फोटो काढला असता का? मला त्या गाइडांपेक्षा पर्यटकांचा राग जास्त आला. मासे कमी दिसले तर पैसे परत मागणारे आपणच आहोत. बिस्किटं त्यापायीच येतात. बोट ठरवताना भाव करण्याआधी विचारा, नांगर कुठे टाकता आणि खायला काही टाकता का. उत्तर देताना माणूस चाचरला तर पुढच्या बोटीकडे जा.

आईला दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं होतं. पण रात्री वारा सुटला. सकाळी काकांनी स्वतः फोन करून सांगितलं की पाणी गढूळ झालंय, पैसे घेऊन तुम्हांला काय दाखवू? नाताळची गर्दी ओसरली की वारा पडलेला बघून या. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना विचारलं, भरती-ओहोटीच्या वेळा आधी कळवाल ना?